गाडीवर चिकटवलेल्या रक्तगटांबाबत

दि. १८ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी मॅडम,
बागायतदार सेवा ट्रस्ट रक्तकेंद्र,
वसई (पश्चिम).

विषय : मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर मनानेच लावलेले रक्तगट तपासून मिळणे, व आणखी एक गोष्ट (मुद्दा ५ बघावा).

संदर्भ : जॉयलच्या अपघाताच्या दिवशी आपण खिडकीतून विचारलंत, "ओ पॉझिटिव्ह आहे हे कोणी सांगितलं?" तेव्हा मी मागेच उभा होतो आणि गप्प बसलो, ते.

महोदया,

मी सुमेध मसुरकर, राहणार फुलपाडा, विरार पूर्व. आचोळ्याला माझं रेडियमचं दुकान आहे. नंबर प्लेट, टाकीवरचे पट्टे, काचेवरची नावं. काम व्हिडिओ बघून शिकलो, अर्ज पण तसाच बघून लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

१. नंबर प्लेटसोबत मी रक्तगट फुकट लावून देतो. पोरांना आवडतं. पण अर्ध्यांना आपला गट माहीतच नसतो. म्हणतात, "लाव ना काय पण, बाजू रिकामी दिसते." मग मी ओ पॉझिटिव्ह लावतो. त्याचं कारण आपल्याला सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. ए ला, बी ला कोपरे येतात. उन्हात कोपरा उचकटतो आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. ओ ला कोपराच नाही. आणि मायनस लावला तर विचारतात, "काय रे, प्लसची उभी रेघ पडली वाटते?" म्हणून प्लस. एवढाच विचार होता. रक्ताचा विचार त्यात कुठेच नव्हता.

२. पापडीचा जॉयल, सेलिनबाईंचा मुलगा, माझं गिऱ्हाईक. त्यालाही मी तसाच लावला होता. त्याला टेम्पोने उडवलं तेव्हा तो बेशुद्ध होता. कोणीतरी पडलेल्या गाडीचा फोटो आमच्या रक्तदात्यांच्या ग्रुपवर टाकला. फोटोत माझं ओ प्लस चकचकत होतं. एकाने विचारलं, नक्की ना? मी लिहिलं, "पक्कं. माझ्याच दुकानातलं आहे." म्हणजे बघा मॅडम. मी स्वतः खोटं चिकटवलं आणि तेच वाचून साक्ष दिली. टाईप करताना मला खरंच आठवलं नाही की हे मी नुसतं रिकाम्या जागेला लावलं होतं.

ओ पॉझिटिव्हवाली पोरं गाड्या काढून आपल्याकडे आली. बाहेर रांग लागली. आपण जॉयलचं रक्त तपासलं आणि तो ओ निगेटिव्ह निघाला. आपण म्हणालात, निगेटिव्हला निगेटिव्हच शोधायचं, पॉझिटिव्ह अगदीच काही उरलं नाही तर. रांगेत निगेटिव्ह एकही नव्हता. शेवटी ठाण्याहून पिशव्या आल्या, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून. तोपर्यंत ऑपरेशन थांबलं. जॉयल वाचला, पण पाय अजून नीट टेकत नाही. डॉक्टर म्हणतात, लवकर झालं असतं तर बरं झालं असतं. हे वाक्य सेलिनबाई सगळ्यांना सांगतात. मलाही सांगितलं, माझ्याच दुकानात बसून.

३. त्यानंतर मी ठरवलं की सगळे स्टिकर काढायचे. बऱ्याच गिऱ्हाइकांचे नंबर नाहीत, म्हणून स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये गेलो. स्टिकर सैल करायचा हेअर ड्रायर तिथे चालत नाही, मग गरम पाण्याचा थर्मास आणि ब्लेड घेऊन बसलो. माझं काम मला लांबून ओळखू येतं. थोड्याच गाड्या झाल्या आणि लोकांनी धरलं. "टाकी फोडतो काय रे? पेट्रोल चोर!" मी म्हटलं, रक्तगट काढतोय. त्यावर जास्त मार पडला. चौकीत हवालदारसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, असलं कुठलं कलम मला माहीत नाही. एखाद्या डॉक्टरचं पत्र आण, मग बघू." तोवर स्टेशनच्या आसपास दिसायचं नाही असं लिहून घेतलंय.

४. म्हणून विनंती की (अ) पार्किंगमध्ये स्टिकर काढायला मला पत्र द्यावं. (ब) एक दिवस आपला माणूस माझ्या दुकानावर पाठवावा. मांडव, टेबल, चहा माझा. ज्याच्या गाडीवर माझा गट आहे त्याने यावं, बोट टोचून खरा गट घ्यावा. तपासल्याच्या कागदाशिवाय यापुढे मी कोणालाही अक्षर लावणार नाही. मी स्वतः तपासून घेतलं. मी बी पॉझिटिव्ह आहे. माझ्या गाडीवर इतके दिवस ओ होता.

५. आता ती गोष्ट. वरचं सगळं खरं आहे, पण मी मुळात ही लिहायला बसलो होतो आणि चार मुद्दे हिच्या आजूबाजूला फिरलो.

पापडीचे फर्डिनंड अंकल, केळीच्या वाडीवाले. ते ओ निगेटिव्ह आहेत. त्या दिवशी त्यांची पुतणी ज्युलीचं लग्न होतं. सगळीकडे म्हणतात की जॉयल तिकडे पडला होता आणि हा माणूस ग्लास घेऊन बसला होता. जॉयल निगेटिव्ह निघाल्याचं कळल्यावर ते आपल्याकडे धावत आले तेव्हा आपणच त्यांना परत पाठवलंत, प्यायलेल्याचं घेत नाही म्हणून. ते बरोबरच होतं. पण तेव्हापासून सेलिनबाई त्यांच्याशी बोलत नाहीत. चर्चमध्ये मिस्साला ते मागच्या बाकावर बसतात आणि संपायच्या आधी निघतात.

मॅडम, अंकलनी ग्लास हातात घ्यायच्या आधी मला मेसेज केला होता. "मी निगेटिव्ह आहे, येऊ काय?" ग्रुपवर नाही, मला एकट्याला. मी उत्तर दिलं. ओ निगेटिव्ह पॉझिटिव्हवाल्यालाही चालतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं उलट आहे, चालणार नाही. म्हणजे माझा स्टिकर खरा असता तरी अंकल चालले असते. मी विचारायला पाहिजे होतं, आणि मी रुबाबात उत्तर दिलं.

आपल्या खिडकीवरून घरी आलो आणि माझा तो उत्तराचा मेसेज दोन्हीकडून डिलीट केला. अंकलनी वाचलेला होता. तरी त्यांनी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. मी एकदा वाडीत गेलो तर म्हणाले, "जाऊ दे रे, तू पोरगा आहेस. तुझं दुकान नवीन आहे. माझं काय, माझी केळी लोक घेतातच." आणि मला केळ्यांची एक फणी दिली. ती मी खाऊ शकलो नाही.

येत्या रविवारी पापडीत आपलं शिबिर आहे. सेलिनबाई येणार आहेत. अंकल येत नाही म्हणतात. शेवटची विनंती, हा मुद्दा ५ तिथे माईकवर वाचून दाखवावा. मी बाजूला उभा राहीन. अंकलना आपण स्वतः फोन करून बोलवावं, माझं ते ऐकणार नाहीत. वरच्या (अ) आणि (ब) ला नाही म्हणालात तरी चालेल. हे मात्र करावं.

आपला, खिडकीबाहेर गप्प राहिलेला,
सुमेध चंद्रहास मसुरकर

सोबत :
१) माझ्या स्वतःच्या गाडीवरून काढलेला ओ प्लस.
२) डिलीट केलेला मेसेज, आठवतो तसाच्या तसा : "अंकल, निगेटिव्ह नको, पॉझिटिव्ह पाहिजे. भरपूर पोरं आलीत. तुम्ही बिनधास्त लग्न एन्जॉय करा, माझ्याकडून पण एक घ्या."