पूर्वज तुमचे, पाय माझे

ती. दादांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (ही नुसती रीत समजू नये. पाय इतके भरून आले आहेत की हॉटेलातल्या फरशीवर पालथा पडून लिहितो आहे. आठही अंगं टेकलेली आहेत.) तुमची कंबर कशी आहे? ऐन निघायच्या दिवशी धरली आणि आमचं विमान उडाल्याबरोबर सुटली, असं तुमच्या बहिणीकडून कळलं. ऐकून फार आनंद झाला. बाबांची तब्येत उत्तम. माझी विचारू नका. हे फोनवर बोलता येत नाही, कारण खोली एकच आणि बाबांचे कान तिखट, म्हणून कागदावर लिहून पानांचे फोटो पाठवतो.

बाबा परदेशातल्या या शहरात जन्मले, सात वर्षांचे होईतो इथे वाढले, आणि डोळे मिटायच्या आत ते घर एकदा पाहायचं ही त्यांची इच्छा, हे सगळं मला मान्य आहे. पण पूर्वज तुमचे, घर तुमचं, वडीलही तुमचे. यात माझं काय, तर पाय. (तुमच्या बहिणीने 'माझं आणि बाबांचं विमानतळावरच वाजेल, तुम्हीच जा' म्हणून हात झटकले. हात झटकण्याची ही कला तुम्हा भावंडांना कोणी शिकवली, ते एकदा विचारायचं आहे.)

मुख्य अडचण अशी की बाबा इथे पाहुणे नाहीत, गाववाले आहेत. सत्तर वर्षांनी आले म्हणून काय झालं! नकाशा उघडला की "मिटवा तो, लोक बघतात" म्हणतात. वाट विचारायची तर सोयच नाही. "आपल्याच गावात वाट विचारायची?" मात्र कोणी परका प्रवासी आम्हाला वाट विचारायला आला, तर त्याचा हात धरून सांगतात. परवा एका जोडप्याला त्यांनी संग्रहालयाकडे पाठवलं; संध्याकाळी ती बिचारी आम्हाला मासळीबाजारात भेटली. (आम्ही तिथे कसे, ते विचारू नका. आम्हीही संग्रहालयाकडेच निघालो होतो.) पुढे रस्ता बंद झाला तर बाबा चुकले असं होत नाही, नगरपालिकेने रस्ता हलवला असं होतं.

भाषा त्यांना येते, हेही खरं. पण सात वर्षांच्या मुलाला लागते तेवढीच. 'आता माझा डाव', 'यानेच आधी मारलं', 'मला झोप नाही आली', एवढ्या भांडवलावर ते दुकानदारांशी आणि बँकांच्या साहेबांशी बोलतात. काल मी लाल दिवा असताना चौक ओलांडला म्हणून पोलिसाने अडवलं. बाबा मध्ये पडले आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी ठणकावून बोलले. पोलीस हसत सुटला. मागून अर्थ विचारला, तर म्हणाले, "काही नाही, तो चुकला, पण त्याच्या आईला सांगू नका, एवढंच म्हटलं." सुटलो खरा, पण अहो, मी बँकेत शाखाधिकारी आहे!

बसचा प्रकार तर विचारूच नका. हॉटेलच्या दारात थांबा आहे. तो बाबांना चालत नाही. रोज सकाळी तंगडतोड करत बसच्या आगाराशी जायचं आणि तिथूनच चढायचं. तिथेही पहिली बस येते, रिकामी. "ही नको." दुसरी येते. "हिचा ड्रायव्हर तिरसट दिसतो." बाबा आगाराच्या भिंतीला हात टेकून उभे, आणि शेजारी मी, पाण्याची बाटली, शाल नि गोळ्यांचा डबा सांभाळत, मानपान राहिलेल्या व्याह्यासारखा. मग एकदाचं बसायचं, भलत्याच थांब्यावर उतरायचं, दिवसभर गल्ल्या पालथ्या घालायच्या, आणि घर काही सापडायचं नाही.

तेव्हा दादा, हात जोडतो. ते मुलाचं ऐकतात; जावयाला नुसतं 'बरं बरं' म्हणतात. तुम्ही चांगलं खडसावून लिहा, की घराचा नाद सोडा आणि ठरल्या दिवशी गुमान विमानात बसा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
(अजून तरी) जावई

ता. क. फोटो काढणार तेवढ्यात फोनची बॅटरी संपली, ते बरंच झालं. आज दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर मी घराचा पत्ता घेऊन कोपऱ्यावरच्या किल्ल्या बनवणाऱ्याकडे गेलो आणि चोरून वाट विचारली. त्याने दुकानाबाहेर येऊन बोट दाखवलं ते थेट आगाराकडे. ती सबंध आळी पाडूनच आगार बांधलंय म्हणे, त्यालाही आता जमाना झाला. बाबांना कसं सांगावं या विचारात खोलीवर आलो, तर माझ्या तोंडाकडे बघून तेच म्हणाले, "कळलं वाटतं तुम्हाला? मला पहिल्याच दिवशी कळलं." म्हटलं, मग इतके दिवस आपण शोधत काय होतो? तर म्हणाले, "घर पडलं म्हटलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी मला विमानात बसवलं असतं. मला इथे अजून थोडं राहायचं होतं हो." दादा, इतका चिडलो होतो त्यांच्यावर, त्याची लाज वाटली.

आणखी एक ता. क. खडसावून वगैरे काही लिहू नका. परतीची तिकिटं आठ-दहा दिवस पुढे ढकला, आणि माझ्या बँकेत काय हवी ती थाप मारा. बाबांसमोर कोणी विचारलं तर मी सांगणार आहे, घर अजून सापडलेलं नाही.