गळ्याची शपथ आणि कोपनहेगनची बोट

४ मार्च

प्रिय वन्सं,

वहिनीचा सप्रेम नमस्कार. आधी हिशेब, मग क्षेमकुशल.

तुमचं पार्सल पोचलं. लोकरी मोजे दोन जोड, कानटोपी एक, गुडघ्याचं मलम एक, सहल कंपनीची पुस्तिका एक. तिकिटं कमी लावल्यामुळे पोस्टमनने माझ्याकडून चौदा रुपये वसूल केले. जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून औषधाचे थेंब मोजले आणि हिला पार्सलाचं वजन मोजता येत नाही, असं तुमचे बंधू म्हणाले. मी नाही म्हटलं. मोजे ऊबदार आहेत. मलम मात्र इथे स्वस्त मिळतं, पुन्हा घेऊ नका.

पुस्तिका वाचून पाठ झाली. कोपनहेगनात आपल्याला दोनच दिवस. पहिल्या दिवशी राजवाडा, तिथे पहारेकरी शिपायांची पाळी बदलते ती, आणि मग तो गोल मनोरा. त्याला जवळजवळ वरपर्यंत पायऱ्याच नाहीत, चढणीचा रस्ता गोल गोल फिरत जातो. म्हणजे माझ्या गुडघ्यांची काळजी देवाने तो बांधतानाच केली होती. दगडावर बसलेली जलपरी पाहायला तुम्ही एवढ्या उतावीळ का, ते कळत नाही. ती फार लहान आहे असं त्यांनीच छापलंय. एवढ्या लांब जाऊन लहान वस्तू बघायची म्हणजे पैसे मोठे आणि माल छोटा.

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी आहे. बाकीच्या बायका बाजारात जाणार. आपण कालव्यातल्या बोटीत बसायचं. तासाभराची फेरी असते. एक संपली की पुन्हा तिकीट काढून दुसरी. दोन्ही फेऱ्यांचे पैसे मी वेगळ्या पाकिटात घातलेत. बाजारातलं मला काही नको.

वन्सं, तुम्ही ओळखलं असेलच, तरी लिहूनच टाकते. मागच्या खेपेला तुम्ही बोलता बोलता सांगितलंत की आपली मोठी लेक त्या गावी शिकते आणि फावल्या वेळात बोटीवर काम करते, माईक धरून प्रवाशांना डावीकडे काय, उजवीकडे काय ते सांगते. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. इस्पितळात ह्यांनी माझ्याकडून शपथ घेतली ती तुमच्यासमोरच. पोरीशी एक शब्द बोलायचा नाही, एक ओळ लिहायची नाही, ह्यांच्या गळ्याची शपथ. चार वर्षं मी ती पाळली आणि देवाने ह्यांना माझ्यासमोर बसतं-उठतं ठेवलं. पण बघायचं नाही, असं त्यात नव्हतं. ऐकायचं नाही, असंही नव्हतं. ती सगळ्यांसाठी बोलणार, त्यात मी एक. मागच्या बाकावर कानटोपी ओढून बसेन, तिला कळणारसुद्धा नाही. देवाच्या दारात तरी आपण काय करतो? लांबून पाहतो, डोळे पुसतो, परत फिरतो.

तेव्हा ती कोणत्या वेळेच्या बोटीवर असते, एवढं तिच्या नकळत काढता आलं तर पाहा. हे इकडे शेजाऱ्यांना पुस्तिकेतला नकाशा दाखवतात आणि आमची मंडळी परदेशी निघाली म्हणून सांगतात. मोठी त्याच गावात आहे हे त्यांना माहीत आहे की नाही, मला माहीत नाही.

लोभ आहे तो मोज्यांसारखा ऊबदार ठेवा.

तुमची
वहिनी

१३ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. चौदाची तिकिटं सोबत पाठवली आहेत, माझ्या भावाच्या हातात नीट मोजून द्या.

माझा पासपोर्टचा फोटो परत आला. फार हसू आलंय म्हणे. इतकी वर्षं वॉर्डात हसू नका म्हणून मीच लोकांना दटावत होते, आता ही पाळी माझ्यावर.

आता तुमच्या कानटोपीविषयी. वहिनी, तुमच्या नुसत्या खोकल्यावरून ती पोर तुम्हाला ओळखेल. भर बोटीत, हातात माईक, समोर पन्नास अनोळखी चेहरे आणि शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसलेली आई. तेव्हा तिचं काय होईल, हे कुठल्या रकान्यात मांडलंत? तिच्या नकळत काही काढायला मी काय गुप्त पोलीस आहे? मी तिला सरळ लिहून विचारलंय. नको म्हणायला तुम्ही लेखणी उचलाल तोवर पत्र विमानात असेल.

आणि एकदा स्पष्ट बोलूच या. दादा कारखान्यात फोरमन होता. माल भराभर निघावा म्हणून पत्रा कापायच्या प्रेसवरची संरक्षक जाळी त्यानेच काढायला लावली. एका कामगाराचा हात गेला. चौकशीत दादा म्हणाला, जाळी होती. मोठी तिथल्याच हजेरी कचेरीत कामाला, तिलाही विचारलं. ती म्हणाली, महिनाभर नव्हती आणि बाबांना ठाऊक होतं. दादाची नोकरी गेली आणि पाठोपाठ छातीत कळ आली. मी त्या खाटेपाशी उभी होते वहिनी. दुखणं गळ्यात नव्हतं, हृदयाच्या नळीत गुठळी होती. ती औषधाने विरघळली, तुमच्या मौनाने नाही.

तरी मन मानत नसेल, तर ज्याच्या गळ्याची शपथ तोच ती सोडवू शकतो. लहानपणी हा मला ऊठसूट शपथ घालायचा आणि मी भोकाड पसरलं की मग सुटली म्हणायचा. एखाद्या दिवशी त्याला स्टेशनावर उशिरा न्या. गाडी सुटली, असं तोंडातून निघालं की तेवढ्यावर भागवून घ्या!

तुमची आगाऊ नणंद

२२ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. पत्र मिळालं, तिकिटंही मिळाली. तुमच्या बंधूंनी ती मोजली आणि एक कमी आहे म्हणाले. नव्हती, मी पुन्हा मोजली.

गाडीचं लिहिलंत ते वाचून हसू आलं आणि लगेच कसंतरी झालं. देव म्हणजे काही चौकशीच्या खिडकीवरचा बाबू नाही, की शब्द ऐकला आणि शिक्का मारला.

मला न विचारता तिला लिहिलंत याचा राग आलाय. दोन दिवस पत्र लिहायला घेतलंच नाही. आता तिच्याकडून काय उत्तर येईल, या धास्तीने हातातलं काम सुटतं. काल दूध उतू गेलं. माझ्या घरात दूध कधी उतू जात नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

मौनाने नाही, असं तुम्ही लिहिलंत ते फार लागलं. हे दुपारी झोपले की मी त्यांच्या नाकापाशी बोट धरून बघते. श्वास लागला की देवाला हात जोडते आणि मग भांडी घासायला घेते. माझी चार वर्षं अशी गेली आहेत. त्यावर तुम्ही औषधाचं बिल ठेवलंत.

जाळीचं मला कळत नव्हतं असं नाही. त्या कामगाराची बायको मला बाजारात दिसते. मी रस्ता बदलत नाही, पण नजर वर होत नाही. पोरीने शपथेवर खरं सांगितलं आणि मी शपथेवर गप्प बसले. देव कोणाच्या बाजूला, हे मी रोज त्यालाच विचारते.

व्हिसाचा अर्ज भरला. जाण्याचं कारण विचारलं होतं, स्थळं पाहणे असं लिहिलं. ते लिहिताना खाडाखोड झाली आणि दुसरा अर्ज विकत घ्यावा लागला.

रागावले असले तरी माया पातळ झालेली नाही, हे धरून चाला.

वहिनी

१८ एप्रिल

प्रिय वहिनी,

नमस्कार. चिडवायला आज मन होत नाही. मोठीचं उत्तर आलं. आहे तसं सांगते, पदरचं काही घालत नाही.

आई येणार हे वाचून ती कामावर जायची विसरली, असं लिहिते. पण मागच्या बाकावरून बघून जायला मी काही पुतळा नाही, असंही लिहिते. रोज बोटी भरभरून लोक तिचं बोलणं ऐकतात, फोटो काढतात, उतरून जातात. त्यांच्यातली एक आई नको. ती म्हणते, बोटीतून जलपरीची फक्त पाठ दिसते, आणि लोक तेवढ्यावर समाधान मानून पुढे जातात. आईने एवढा खर्च करून माझी पाठ बघून जावं, हे मला सोसणार नाही. आई बोलणार असेल तर ती दोन्ही दिवस रजा घेईल आणि तुम्हाला हाताला धरून गाव दाखवेल. बोलणार नसेल तर त्या दुपारी ती बोटीवर नसेल. दुसऱ्या मुलीला पाठवेल.

शेवटी विचारते, बाबा औषधं वेळेवर घेतात का. तेवढं एक वाक्य वेगळ्या शाईने आहे, म्हणजे पत्र बंद करून पुन्हा उघडलं असणार.

माझं मत तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. काय ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या मागे आहे, जिथे न्याल तिथे.

तुमची
वन्सं

२९ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं, व्हिसाही पोचला. विम्याचे पैसे भरले, पावती तुमच्या नावाचीही घेतली होती, तिचं पुढे सांगते.

परवा ह्यांना विचारलं. हे खुर्ची उजेडात ओढून टेबलफॅन खोलून बसले होते. हल्ली घरातलं जे फिरतं ते खोलतात. मी समोर पाट घेऊन बसले आणि चार वर्षांत पहिल्यांदा घरात पोरीचं नाव घेतलं. ती कुठे आहे, काय करते आणि काय म्हणते, ते सगळं सांगितलं. म्हटलं, तुमच्या गळ्याची शपथ आहे, तुम्हीच सुटली म्हणा.

बराच वेळ हे पातं पुसत राहिले. मग म्हणाले, ती कुठे आहे ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. मग विचारलं, ती बोट उघडी असते का, तिला वारा लागत असेल. मी म्हटलं, उघडीच असते. माझ्या मनात आशेचं पाखरू बसलं. तेवढ्यात म्हणाले की तो शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. तो म्हटला तर ती खरी ठरते आणि ते खोटे ठरतात. वन्सं, माझ्या तोंडून निघून गेलं, की तसंच तर होतं. लग्न झाल्यापासून असं मी कधी बोलले नव्हते. त्या रात्री हे पानावरून अर्धपोटी उठले. पण झोपायची गोळी आठवणीने मागून घेतली.

तुम्ही म्हणाल, दादा निम्मा विरघळला. निम्म्याने शपथ सुटत नाही.

तुम्ही म्हणता तशी गुठळी औषधानेच गेली असेल. तुम्ही शिकलेल्या आहात, मी आपली मॅट्रिक. माझ्या मनातून ते जायचं नाही. मी तिथे तोंड उघडलं आणि इथे ह्यांना काही झालं, तर ते माझ्यामुळे झालं, असंच मी मरेपर्यंत मानणार. हे सगळं धरून, कशालाही सूट न देता, मी ठरवलंय. मी तिच्याशी बोलणार आहे. आणि चोरून नाही. ह्यांना सांगून टाकलंय. ऐकून ह्यांनी जोडलेला फॅन पुन्हा खोलायला घेतला.

म्हणून तुम्ही माझ्याबरोबर येऊ नका. तुमचं तिकीट आणि विमा रद्द केला तर थोडे कापून बाकीचे परत मिळतात, कचेरीत जाऊन विचारून आले. कापले जातील ते मी भरेन. तुमची जलपरी माझ्यापायी हुकते, याचं वाईट वाटतं. तुम्ही इकडे या. मी निघायच्या आदल्या दिवशी पोचा. मी पोरीबरोबर असेन त्या दोन दिवसांत ह्यांच्याजवळून हलू नका. नाडी बघा, पण का बघता ते सांगू नका. सारखी बघितलीत तर भांडतील, भांडू द्या, भांडताना माणूस जिवंत असतं. जिभेखाली ठेवायची गोळी कनवटीला असू द्या, डबीत ठेवली तर वेळेला झाकण निघत नाही.

मी बाजारापलीकडे एकटी कधी गेलेली नाही. विमानात काय करतात, खायचं मागावं लागतं की आणून देतात, काही ठाऊक नाही. कंपनीच्या बाई म्हणतात, आजवर त्यांचं कोणी हरवलेलं नाही. मोठीला एवढंच लिहा की आई बोलणार आहे. काय बोलणार ते विचारू नको म्हणावं, मलाच अजून सुचलेलं नाही.

तुम्ही ह्यांच्या उशाशी असलात तरच मी घराबाहेर पाऊल टाकेन. नाहीतर टाकणार नाही, हेही तेवढंच खरं. येता की नाही, उलट टपाली कळवा.

वहिनी