अण्णांच्या लाल गाडीचं बॉनेट

अण्णा, चिकटवायचंच होतं तर नीट तरी चिकटवायचं होतं! अंधेरीच्या गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात जन्म घालवलात, आणि स्वतःच्या वीतभर गाडीचं बॉनेट धड बसवता आलं नाही? परवा ओल्या फडक्याने पुसत होते, तर टक् असा आवाज झाला आणि डावीकडचा कोपरा वर आला. नखाच्या जाडीएवढाच, पण आला. रविवारी मुलुंडला हॉलमध्ये छोट्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. छोट्या गाड्या बनवणाऱ्या आमच्या ग्रुपची पोरं पोरी येऊन फोटो काढून गेली, म्हणाली, काकू, मधल्या टेबलावर तुमच्या वडिलांचीच गाडी. मी पण ऐटीत हो म्हणून बसले. आता मधल्या टेबलावर ती तोंड वासून बसणार. तुम्ही गेलात निवांत, वाट इथे माझी लागली.

तुम्हाला आठवतंय का ती खरी गाडी? जुहूच्या कुठल्याशा शेठची, बाहेरच्या देशातली, दोन सीटची, लाल. तिच्या दाराला पोचा आला म्हणून तुमच्याकडे आली होती. तुम्ही पोचा काढलात आणि वर जेवणाच्या सुट्टीत सुतळीने तिची मापं घेतलीत. गाठी मारलेली ती सुतळी खिशात घालून घरी आलात तेव्हा आई म्हणाली, ह्या काय, आता माका बांधतलास? मग किती महिने आपल्या घाटकोपरच्या खोलीत ठोकाठोक. तुपाच्या डब्याचा पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून तुम्ही तो असा गोल वळवायचात की जणू तो पत्रा नाही, पुरीचं पीठ आहे. चाकांच्या तारा ब्रेकच्या केबलमधल्या. काच एक्स-रेची, खरवडून, धुऊन. मी शेजारी बसून पाण्याच्या पॉलिश पेपरने रंग घासायची. जरा जोर लावला की तुम्ही हातावर टपली मारायचात. "घास गं, खरवडू नको. भांडी घासतेस काय?" पाचवीत माझी शाळा सुटली, ती का सुटली ते तुम्हाला माहीत आहे, ते जाऊ दे. पण रंगावरून बोट फिरवून कुठे कमी घासलंय ते मला आजही डोळे मिटून कळतं. ते काही शाळेत शिकवत नाहीत.

आणि मग मी माझी पहिली गाडी केली. निळी. चाकं वाकडी, पण माझी. तुमच्यासमोर आणून ठेवली. तुम्ही चहा पिताय, बशी खाली ठेवता, गाडी हातात घेता, उलटी करता, आणि विचारता, "बॉनेटखाली काय आहे?"

मी म्हणते, "काय नाय. बॉनेट बंदच आहे ना. दिसतंय कोणाला?"

"मग बॉनेट तरी कशाला केलंस? डबा म्हण की तिला. लाडू ठेव आत."

काय राग आला होता मला! रडले नाही, पण जेवले पण नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या शिवणाच्या डब्यातली टिचबटणं, बॉबिन आणि पेनाची रिकामी कांडी घेऊन इंजिन बनवलं आणि तुमच्यासमोर आपटलं. तुम्ही बघितलंत, मान हलवलीत. तेवढंच. मग मी म्हटलं, आता तुमचं दाखवा. तर तुम्ही काय म्हणालात? "ते चिकटवलंय. पूर्ण इंजिन आहे आत, प्लगच्या वायरी पण. पण आपली गाडी म्हणजे काय दवाखाना आहे, ये आणि पोट उघडून बघ?" आणि मिशीत हसलात. ते हसणंच नडलं बघा. दर गणपतीत मामा गाडी कानाशी धरून हलवायचा. "भावोजी, आत खुळखुळतंय हो." तुम्ही म्हणायचात, "इंजिन आहे, खुळखुळणारच. तुझी स्कूटर नाय खुळखुळत?" आणि आई आतून ओरडायची, "आत कायच नाय! रिकामो डबो तो!" तुम्ही जाईपर्यंत हेच चाललं, आणि तुम्ही काही शेवटपर्यंत खरं काय ते बोलला नाहीत.

आता माझं ऐका. मी तुमचंच काम करते. पत्र्याचं काम कमी, लोक दुकानातून आणलेल्या छोट्या स्पोर्ट्स गाड्या माझ्याकडे आणून देतात, बोरिवलीहून, मुलुंडहून, चांगल्या नोकऱ्या करणारी माणसं. मी त्या सगळ्या खोलते, रंग काढते, दारं कापून उघडती करते, सीटला खरं रेक्झिन, सीटबेल्टला साडीच्या फॉलची बारीक पट्टी. ओट्यावर अर्ध्या भागात भाजी, अर्ध्या भागात गाडी. आणि प्रत्येक गाडीत, अण्णा, प्रत्येक गाडीत मी इंजिन घालते, बॉनेट उघडत नसलं तरी. एक जण मला म्हणाला, काकू, कोणाला दिसणार नाही, उगाच कशाला मेहनत? मी म्हटलं, तुझं पोट उघडतं काय? मग आतडी काढून ठेवू? तो हसला, पण थांबला गाडी पूर्ण होईपर्यंत. सगळ्यांना माहीत आहे, या बाईच्या गाडीत बॉनेटखाली काम असतं. ही माझी पत आहे, आणि ती सगळी तुमच्या एका शब्दावर उभी आहे.

तर परवा तो कोपरा वर आल्यावर आमच्या घरात जत्रा भरली. नवरा म्हणाला, "उघड की. चिमटा लाव, एका मिनिटाचं काम." मुलगी मोबाईलचा टॉर्च घेऊन आली. "आई, थांब, काहीतरी चमकतंय. इंजिन असेल, नाहीतर गमचा गोळा." मग माझ्याकडे बघून म्हणते, "पण समज आजोबांनी तुला येडं बनवलं असेल तर? एवढी वर्षं इंजिनं बनवतेयस यार!" मी म्हटलं, तोंड बंद कर आणि लसूण सोल. आई आता माझ्याकडेच असते, ऐकायला कमी येतं तिला, पण हे बरोबर ऐकलंन. खाटेवरून म्हणाली, "उघड गो. माका मरायच्या आधी जिंकूचा आसा." सगळे हसले. मी पण हसले, पण चिमटा ड्रॉवरमध्ये टाकला.

भीती कशाची, माहीत आहे? रिकामं निघालं तर तुमचा राग येईल म्हणून नाही. रिकामं निघालं तर तुम्ही काय चलाख माणूस होतात असं वाटून मी खो खो हसेन, आणि मग पुढच्या गाडीचं इंजिन बनवायला बसले की हात पूर्वीसारखा चालेल का, ते मला सांगता येत नाही. तेवढंच आहे. बाकी मी खमकी आहे.

ही चिठ्ठी टाकायला पत्ता नाही, म्हणून टाकणार पण नाही. तरी एक गोष्ट तुमच्याच कानावर घालते, घरात कोणाला बोलले नाही. काल दुपारी सगळे झोपले होते तेव्हा मी एक इंजिन बनवलंय. तुमच्या गाडीच्या मापाचं. माप घ्यायला बॉनेट उघडावं लागलं नाही, तुमची ती गाठींची सुतळी अजून आहे माझ्याकडे, तिच्यावरून हिशेब करून लहान केलं. प्लगच्या वायरी पण घातल्यात, जुन्या चार्जरच्या तांब्याच्या. मुद्दाम थोडं जुनाट दिसावं म्हणून काजळी फासली. आत काही नसलं तर हे गुपचूप बसवीन, बॉनेट उघडं ठेवून गाडी मुलुंडला नेईन, आणि आईला सांगेन, बघ, हरलीस. आत तुमचं असलं, तर माझं माझ्या पेटीत राहील आणि कोपरा परत चिकटवून टाकीन, कोणाच्या बापाला दाखवणार नाही. पण उघडायचं की नाही, ते तुम्ही सांगा. आपली गाडी दवाखाना नाही म्हणालात, तो शब्द तुमचा आहे, मी मोडणार नाही. दोन ट्यूब मिसळून लावायचा तो गम वाळायला अख्खा दिवस लागतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत उत्तर पाहिजे. स्वप्नात येणार असाल तर दुपारच्या झोपेत या, रात्री मला स्वप्नं पडत नाहीत. आणि या वेळेला नुसतं मिशीत हसायचं नाही, हो की नाही ते बोलायचं.