जांभळ्या मखमलीचं कव्हर

१६ मार्च २००७, शुक्र., मनामा

सुट्टी. कपडे धुतले. पुन्हा कॉम्प्युटरच्या दुकानांत चक्कर. तिथले सेल्समन आता मला पाहून उठतही नाहीत. लॅ. की डे.? महिनाभर हाच घोळ. लॅपटॉप देखणा, मांडीवर मावतो, किंमत डेस्कटॉपच्या जवळजवळ दुप्पट. दोन वर्षं या बहरीनमध्ये स्टोअरकीपरचं काम केलं, स्वतःसाठी एक धड वस्तू घेतली नाही. रूममेट थॉमस म्हणतो, परदेशात राहणाऱ्याने लॅपटॉपच घ्यावा, उद्या हाकललं तर बगलेत मारून निघता येतं. थॉमसला रोजच कोणीतरी हाकलणार असतं.

चंद्रपूरला फोन. बाबा नीट बोलेचनात. म्हटलं, आधी खर्रा थुंका.
"खर्रा नाई रे. गालात फोड आली हाये."
मागून आई, "महिना झाला त्या फोडाले. सांगून नाई राह्यले तुले."

२३ मार्च, शुक्र.

ताईचा फोन. ती गडचिरोलीहून रजा टाकून बाबांना नागपूरला घेऊन गेली होती. रिपोर्ट आला. कॅन्सर. गालातून जिभेपर्यंत गेलाय.
"जीभ काढा लागते म्हणते डॉक्टर. जीव वाचन. बोलणं जाईन."
बाबांना सांगितलं? तर त्यांच्यासमोरच सांगितलं म्हणे डॉक्टरांनी. बाबांनी एकच विचारलं, "हात त नाई कापत ना?"
चाळीस वर्षं शिवणयंत्रावर, गालात खर्रा, ओठांत टाचण्या. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. मीही खायचो. इकडे मिळत नाही म्हणून सुटला, माझी कसली मर्दुमकी नाही त्यात.
जेवलो नाही. थॉमसने ताट झाकून ठेवलं.

३० मार्च, शुक्र.

ऑपरेशन २ मे. रजा मिळाली, २० एप्रिलला पोचतो.

आता कॉम्प्युटर घरासाठीच घ्यायचा. ज्याला जीभ नाही त्याच्याशी फोनवर काय बोलणार? कॅमेरा लावला तर बाबा पाटीवर लिहून दाखवतील, इथल्या नेट कॅफेत बसून मी वाचीन. शिवाय ऑपरेशनआधी त्यांचा आवाज भरून ठेवायचा. हे सुचलं तेव्हा बसमध्ये होतो. रडू आलं. शेजारचा पठाण सरकून बसला.

ताई ठाम. "लॅपटॉप घे. इथी लाईन राहत नाई, बॅटरीवर चालन. नागपूरले दवाखान्यात बी नेता येते." तिने सरकारी नोकरीसाठी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय, तिला कळतं. पण मी डे. ठरवला. बाबांच्या डोळ्यांना मोठा पडदा बरा. बिघडला तर मित्र अन्वर आहे, चंद्रपुरात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान, तोच जोडून देईल. लॅपटॉप कोण उघडणार तिकडे?
ही झाली सांगायची कारणं. खरं कारण इथे तरी लिहावं. डे. बाहेरच्या खोलीत मांडला की दिसतो. आल्यागेल्याला कळतं, शिंप्याचा पोरगा बाहेर कमावतो. लॅ. काय, कपाटात जातो.

२० एप्रिल, चंद्रपूर

पोचलो. ऊन अंगावर धावून येतं. बाबा दारात उभे, डावा गाल सुजलेला, बोलणं जाडसर पण कळतं.
"काऊन रे, एवढ्या उन्हात टोपी नाई घातली?"
दोन वर्षांनी भेटलो तर पहिलं वाक्य हे. पाया पडलो तेव्हा माझ्या शर्टाचा खांदा चिमटीत धरून पाहिला. "रेडिमेड," म्हणाले. शिवी दिल्यासारखं.

२२ एप्रिल

अन्वरने कॉम्प्युटर आणून जोडला. आईने मॉनिटरला कुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं. अन्वर ओरडला, "काकू, मशीन हाये, बकरा नाई!" सगळे हसले. बाबाही, गाल धरून.
जाताना अन्वरने बजावलं, "दिल्या, दोन गोष्टी. धुळीपासून वाचव. आन् मागून हवा खेळली पाहिजे, पंखा तिकडं हाये." मी मान डोलावली.
धूळ म्हणजे आमच्याकडे काळी धूळ. सकाळी पुसलेली खुर्ची दुपारी हाताला काळं लावते. वीज आमच्या गावात तयार होते, कोळशाची राख आमच्या पाण्यावर बसते आणि लाईनही आमचीच जाते. आज सहा तास.

२४ एप्रिल

बाबांनी टेप काढून मॉनिटरचं, कीबोर्डचं, सीपीयूच्या डब्याचं माप घेतलं. वहीत गिऱ्हाइकासारखी नोंद. छाती, कंबर, उंची. आई म्हणाली, आता कायले मशीनवर बसता, आराम करा. ऐकलं नाही.
संध्याकाळी कव्हरं तयार. जांभळी मखमल, सोनेरी पायपिंग, आत गादीसारखं जाड अस्तर. कोण्या लग्नातलं उरलेलं कापड. सीपीयूचं तर असं बसलं की सुरकुती नाही. आणि बटणाच्या जागी काज. हाताने घातलेलं, बारीक, नेटकं. त्यातून बोट घालून बटण दाबायचं.
"कव्हर काढायचं कामच नाई," म्हणाले. "धूळ आत जाचा रस्ताच नाई ठेवला."
मागची बाजूही बंद. तारांपुरती फट. मला म्हणायचं होतं, बाबा, मागे पंख्याची जागा मोकळी सोडा. तोंडाशी आलं होतं. पण त्यांचा चेहरा असा खुललेला... नाही बोललो. ऑपरेशननंतर सांगू. चार दिवसांनी काय बिघडतं.

२७ एप्रिल

आवाज भरला. लाईन दहाला आली, एकला जाणार. दारं लावली, पंखा बंद, घामाच्या धारा. बाबा माईकसमोर कॉलर नीट करून बसले.
"काय बोलू?"
काहीही बोला.
मग शर्टाची कटिंग सांगितली, पहिल्यापासून. आरमोरीच्या ज्या उस्तादाकडे शिकले त्याने कात्री कशी फेकून मारली होती ते. आईला लग्नाआधी पाहायला गेले तेव्हा तिच्या पोलक्याची बाही वाकडी होती, ते. आई पदर तोंडाशी धरून हसत होती. मग एकेकाला हाका मारल्या. ताईला "सुनंदे." आईला "अवो." आणि मला, "दिल्या. अबे दिल्या." जेवायला बोलवायचे तशी हाक.
चाळीस मिनिटं. शेवटी थकले. "हे सारं या डब्यात राहते?"
राहतं म्हटलं.
सीडी करून घ्यायची आहे. आमच्या मशीनवर सीडी लिहिता येत नाही, अन्वर लग्नाला बल्लारशाला गेलाय. आल्यावर करू.

३० एप्रिल

उद्या नागपूर. बाबांनी सीपीयूवरून हात फिरवला. आई घरी थांबणार, तिचे गुडघे गेलेत, शिवाय घर कोणाच्या भरवशावर सोडायचं? ताईने तिला आवाज लावायला शिकवलं. बटण, मग ते चित्र, दोनदा दाबायचं. मी आईला म्हटलं, लावायच्या आधी कव्हर काढत जा.
"मंग काज कायले ठेवलं त्याइनं?"
हसलो आणि बॅग भरायला लागलो.

२ मे, नागपूर

सात तास आत. आत जाताना बाबांनी माझं मनगट धरलं, काही म्हणाले, ट्रॉलीच्या चाकांच्या आवाजात ऐकूच आलं नाही. शेवटचं वाक्य, आणि मला ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, यशस्वी.
बाहेर पानठेल्यावर गेलो आणि खर्रा घेतला. बाप आत जीभ कापून पडलेला आणि मी बाहेर उभा राहून खर्रा खाल्ला. थुंकला, चूळ भरली. कोणाला सांगणार नाही.

७ मे

बाबा उठून बसले. नाकात नळी, मानेला टाके. पाटी दिली. पहिलं लिहिलं, "धूळ पुसते का आई." ताईने फोन लावून विचारलं. आई म्हणाली, रोज पुसतो, आन् रोज ऐकतो. बाबांनी पाटी पुसून "बरं" लिहिलं.
समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा लॅपटॉपवर बापाला सिनेमा दाखवत होता. ताईने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१० मे

अन्वरचा फोन. "दिल्या, तू घरी ये. काकू रडून राह्यली."

११ मे, चंद्रपूर

काल आई जेवल्यावर बसली ती चारपर्यंत. बाबांचा आवाज संपला की पुन्हा लावायची. लाईन नेमकी गेली नाही. खोलीत भट्टी, बाहेर सेहेचाळीसच्या वर पारा, आणि सीपीयू मखमलीत गुंडाळलेला. आधी आवाज अडखळला. तिला वाटलं, तेच थांबून बोलून राह्यले. मग जळका वास.
अन्वरने कव्हर उलटं करून दाखवलं. अस्तर आतून तपकिरी पडलंय, एका जागी काळं. वरून काही कळत नाही. काज जसंच्या तसं.
"डिस्क घरघर करते, कॉम्प्युटरले दिसत नाई. मी तुले हवेचं सांगतलं होतं ना बे?"
सांगितलं होतं. मला माहीत होतं.
आई म्हणते, मीच बसली इतका वेळ, माया हातानं झालं. मी तिला म्हटलं, नाही गं, तुझं नाही. ती ऐकत नाही. दोष माझा आहे. बापाचं मन मोडू नये म्हणून गप्प बसलो आणि बापाचा आवाज जाळला. डॉक्टरांनी जीभ काढली, उरलेलं मी काढलं.
नागपुरात एक जण बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देतो म्हणे. निघालं तर निघालं. अन्वर डिस्क पाठवतोय.
बाबांना सांगायचं नाही, ठरलं.

१९ मे

बाबा घरी. निम्मे झालेत. दारातून सरळ कॉम्प्युटरकडे. पाटीवर, "माया आवाज लाव."
ताई म्हणाली, लाईन नाही.
वर पंखा फिरत होता.
बाबांनी पंख्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे एकेकाकडे. काजात बोट घातलं, बटण दाबलं. काही नाही. कव्हर काढलं, उलटं केलं. डागावर अंगठा फिरवला, कापडाचा पोत पाहतात तसा. आई तिथेच खाली बसली. मी सांगितलं सगळं. हवेचंही.
बाबा कव्हर घेऊन मशीनवर जाऊन बसले आणि ब्लेडने शिवण उसवायला लागले. जेवायच्या वेळेपर्यंत सगळे तुकडे वेगळे झाले होते.

२२ मे

तीन दिवस पाटीला हात नाही. आई बोलते, मी बोलतो, ताई फोनवर बोलते. बाबा मान हलवतात, तीही कमीच. नळीतून पेज घेतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. डॉक्टर म्हणाले होते, हे होतं. झालं तेव्हा कळलं.
नागपूरच्या माणसाचा निरोप. बघतो आहे, वेळ लागेल, भरवसा देत नाही.

२४ मे

निघालो. नागपूर बसस्टँडवर बसून लिहितोय. मुंबईची गाडी संध्याकाळी.
घरून निघताना पाया पडलो. बाबांनी पाटी मागितली, माझ्याकडे पाठ करून लिहिली आणि माझ्या हातात दिली.
"लॅपटॉप घे. माप पाठव. मागून मोकळं ठेवीन."
बसमध्ये मोठ्याने म्हणालो, हो बाबा. बाजूच्या बाईने पाहिलं.
डिस्कवाल्याचं दुकान इथून जवळच. आत्ता जाऊन आलो. म्हणाला, "आज काई सांगता नाई येत भाऊ, महिनाभरानं फोन करा." टेबलावर दहाबारा डिस्का पडल्या होत्या. आपली कोणती ते विचारलं. त्याने बोट दाखवलं. काही वेळ तिच्याजवळ उभा राहिलो, मग निघालो.