अध्यक्ष येत आहेत

शोळिंगनल्लूर, चेन्नई
बुधवार

तीर्थस्वरूप सीतालक्ष्मी अक्कांना यामिनीचा वाकून नमस्कार.

पोस्टकार्ड मिळालं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुमचं अक्षर इतकं ठसठशीत झालंय की वाचताना मी जरा मागे सरकले. पथ्य सुटलं असेल तर बरं वाटेल. तुम्ही विचारता, "शेषगिरी फेब्रुवारीत तंजावरला कायमचा राहायला येणार होता, जून आला. माझ्या भावाला तिथे बांधून ठेवलंय का?" अक्का, कुणीही बांधलेलं नाही. सगळं नियमाप्रमाणे झालंय, हीच पंचाईत आहे.

आमची संस्था ज्या डिजिटल नाण्यासाठी काम करते त्याला मालक नाही. (बँक नाही, सरकार नाही, जगभरातले हजारो संगणक मिळून ते चालवतात. मलाही समजायला दोन वर्षं लागली.) नाण्याला मालक नाही तर संस्थेलाही नको, म्हणून शेषगिरीरावांनीच नियम केले: अध्यक्षपद सहा वर्षंच, प्रत्येक सभेचं इतिवृत्त इंग्रजीत वेबसाइटवर, आणि जे लिहिलं नाही ते घडलं नाही. शिवाय पद सोडणाऱ्याने "मी जातो" असं सभेत स्वतःच्या तोंडाने म्हणायचं; त्याच्या वतीने दुसऱ्याने नाही, कारण म्हाताऱ्याला कोण कशी चिठ्ठी लिहायला लावेल याचा भरवसा नाही. नियम त्यांनी इंग्रजीत लिहिला. इंग्रजीत माणूस बेधडक जातो.

फेब्रुवारीतल्या सभेत त्यांची सहा वर्षं संपली. शेवटी ते उठले, छत्री घेतली आणि म्हणाले, "बरं, येतों मी." "पोयिट्टु वांगो, सार," गुरुमूर्ती म्हणाले. (गुरुमूर्ती आमचे खजिनदार. तमिळमध्येही जाणाऱ्याला "जाऊन या" म्हणतात. त्यांना वाटलं, सभा संपली, सार घरी निघाले.) मग वडे आले. इतिवृत्तात नोंद झाली: अध्यक्षांनी आपण येत असल्याचे सांगितले.

दुसऱ्याच दिवशी नॉर्वेच्या एका सभासदाने विचारलं, अध्यक्ष येत आहेत, तर इतके दिवस होते कुठे? ब्राझीलवाल्याने लिहिलं, मुदत संपूनही अध्यक्ष येतच आहेत, म्हणजे बिनमालकाच्या नाण्याला मालक मिळाला. तेव्हा सहानाने "येतो"च्या अर्थावर जगभर मतदान घेतलं. (सहाना सर्वांत तरुण विश्वस्त. सिरुसेरीत नोकरी करते, आणि कॉफीत साखर घालायचीसुद्धा मत घेऊनच.) मराठी जाणणारे मतदार दोनच. शेषगिरीराव स्वतःच्या बाबतीत मत देत नाहीत आणि मी तटस्थ राहिले. उरलेल्या एकेचाळीस जणांपैकी तेवीस म्हणाले, अध्यक्ष येत आहेत.

म्हणून ते येतात. "नोंद झाली न यामिनी, मग यायलाच पाहिजे," म्हणतात. दर बुधवारी वेस्ट मांबलमहून दोन बस बदलून, गुडघा धरत तीन जिने चढून. येतात आणि गप्प बसतात, कारण स्वतःच्या हिशेबाने ते माजी अध्यक्ष आहेत. त्यांचं मौन ही संमती समजून आम्ही तीन ठराव मंजूर केले. मी सांगून पाहिलं, एकदा "जातो" म्हणा आणि मोकळे व्हा. तर म्हणाले, "अक्कानं लहानपणी त्या शब्दाला फटका दिला होता. अजून आठवतो."

तेव्हा अक्का, भावाला तो शब्द एकदाच उच्चारायची लेखी परवानगी पाठवा. नॉर्वेसाठी मी भाषांतर करून घेईन.

तुमची,
यामिनी

ता. क. आंब्याचं लोणचं मिळालं. निम्मं गुरुमूर्तींनी नेलं. तेही इतिवृत्तात आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवता येईना. अक्का, माझा जन्म साताऱ्याचा. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या उंबऱ्यावरून मी "येते" म्हणूनच निघालेय. त्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली आणि शिक्का माझ्यासमोर ठेवला होता. सगळ्यांचं लक्ष वड्यांकडे होतं. मी दोन्ही खणात सरकवलं आणि चिटणीस म्हणून इतिवृत्तात समजून उमजून चुकीचं लिहिलं. त्यांच्यानंतर ज्येष्ठ म्हणून अध्यक्षपद माझ्याकडे येतं, पण भीती त्याची नव्हती. इंग्रजीत करण्याआधीचा माझा मराठी कच्चा खर्डा ते दर बुधवारी पेन्सिल घेऊन तपासतात. माझी मुलं मला तमिळमध्ये उत्तर देतात. या शहरात माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवणारं दुसरं कुणी नाही.

ता. क. ३. गुरुवार. काल सभेत उभी राहून सांगून टाकलं, आणि दुरुस्ती माझ्या नावानिशी वेबसाइटवर टाकली: चिटणिसांनी जाणूनबुजून खोटी नोंद केली. सभेने ठरवलं की अध्यक्ष फेब्रुवारीतच गेले. ते तीन ठराव रद्द झाले, आणि माझ्या चौकशीसाठी समिती नेमली आहे. (समितीत सहाना आहे, म्हणजे मतदान होणार.) शेषगिरीरावांनी दुरुस्तीचा मराठी खर्डा पेन्सिल घेऊन तपासला. खाली बसमध्ये चढताना एवढंच म्हणाले, "जाणूनबुजून हा एक शब्द, तोडू नकोस." रविवारच्या गाडीने तुमच्याकडे पोहोचतील. डाव्या गुडघ्याला गरम पाण्याचा शेक लागतो. स्वतःहून मागणार नाहीत.

म्हणजे परवानगीची गरज उरली नाही. खरी विनंती वेगळीच आहे. मी दर बुधवारी त्यांना पत्र लिहीन. उत्तर नाही आलं तरी चालेल, पण चुकांखाली रेघा मारून तेच पत्र परत पाठवायला सांगा. तिकीट लावलेलं पाकीट मी प्रत्येक वेळी सोबत घालीन.