दादांची दोरी

श्रावण वद्य तृतीया, शके १९०७. अंधेरी.

संध्येत आज चित्त ठरले नाही. वसंताने मस्कतहून माझ्यासाठी मासे धरायचे रीळ आणले, येथवर आनंदच होता. रीळ खोल आहे. सगळी नवी नायलॉनची दोरी भरणे व्यर्थ, म्हणून तळाशी जुन्या दोरीची भर लागते, हेही मान्य. पण त्या भरीसाठी मला न विचारता दादांची सुती दोरी गुंडाळावी? माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंनी ती स्वहस्ते वळली, झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवली. वेसाव्याच्या खडकांवरून आम्ही दोघे तीच समुद्रात सोडत असू.

"अण्णा, ती खालीच राहणार. तिला पाणीसुद्धा लागणार नाही," चिरंजीव माझी समजूत घालतात. पाणी लागणार नाही. दादांच्या दोरीला.

वर हिची मल्लिनाथी: "रोज गीता वाचता ना? मग दोरीत कसला जीव अडकलाय?" संताप अधिकच वाढला.

उकलून काढ, असे सांगणार होतो. सांगितले नाही. उद्या वसंतालाच खडकावर उभा करतो. देवा, असा मासा लाव की वरचे सगळे नायलॉन सरसर संपावे आणि दादांची दोरी पाण्यात उतरावी. मग तुटली तरी चालेल. कोरडी नको.