ब की म

॥ श्री ॥

बोईसर, १० एप्रिल २०२२

ती. चंद्राआत्यास,

वैभवीचा वाकून नमस्कार. वि. वि. इकडे आम्ही सगळे मजेत. तुझी खबर दर रविवारी बाबांकडून मागते, पण ते तुझा भाजीपाला पोचवून येतात आणि विचारलं की नुसती मान हलवतात. म्हणून या वेळी त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीखाली हे पत्र ठेवतेय. आपला भाऊ पोस्टमन झाला म्हणून त्यांना चिडव.

आमच्या महिला वाचनालयाचं हस्तलिखित निघतंय. विषय मीच सुचवला : दार उघडल्यावर. कोंडून काढलेल्या दिवसांनंतर रोजच्यातलं काय नव्यानं गोड लागतं, ते प्रत्येकानं लिहायचं. बाबांनी सांगितलं, कंपनीच्या कँटीनमध्ये चौघांनी एका टेबलावर चहा पिणं. आईनं सांगितलं, दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊन पापड लाटणं, कारण स्वतःच्या गच्चीवर लाटले तर गप्पा कुणाशी मारायच्या? धाकट्या हिनाचं अजून ठरत नाहीये, ती रोज नवं सांगते.

आत्या, चित्रं काढणाऱ्या माणसाला काय आवडत असेल, याची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. शिवाय एक विचारू का? लहानपणी तापात कान गेल्यापासून तू लोकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतेस. सगळ्यांनी दोन वर्षं तोंडं झाकली तेव्हा तू घरात बसलीस, ते मला समजलं. पण पाडव्याला मास्कची सक्ती गेली. आता तोंडं दिसतात. तरी तू ओट्याच्या खाली उतरत नाहीस, असं बाबांच्या मान हलवण्यावरून वाटतं. का गं?

बी. ए. झाल्यापासून घरातले सगळे अर्ज मीच भरते, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय लागलीय. रागावू नकोस. लोभ आहेच, त्यात चार ओळींची भर पडावी.

तुझी,
वैभवी

॥ श्री ॥

उमरोळी, १६ एप्रिल २०२२

चि. वैभवीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

कोथिंबीर चुरगळली, पत्र शाबूत आलं. पोस्टमनला चहा पाजला.

आवडीचं विचारलंस. ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढताना निघणारी सलग साल. उन्हाळ्यात स्टेशनबाहेर ताडगोळे खाणाऱ्यांची तोंडं, गोळा फुटून पाणी हनुवटीवर ओघळतं तेव्हा मोठा साहेबसुद्धा पाच वर्षांचा दिसतो. दातांत पिन धरून अंबाडा घालता घालता बोलणारी बाई. तिचं मला अक्षरही कळत नाही, पण बघायला फार आवडतं. आणि एक गंमत. इथले लोक आमी म्हणतात, आपल्या परभणीकडचे आम्ही म्हणतात, यावरून तुमच्यात हसाहशी होते म्हणे. मला दोन्ही सारखंच दिसतं.

पण हे सगळं आधीचं लिहिलंय बरं का. गेल्या दोन वर्षांत मी जिवंत माणसाचं तोंड काढलेलं नाही. लोक आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो पाठवायचे, मी तसबिरी करून द्यायची. किती केल्या ते मोजायला नको. फोटोत सगळ्यांचे ओठ मिटलेले असतात.

खाली का उतरत नाही, तर ऐक. समोरच्या खोलीत तानीबाई राहते. साथीच्या तोंडावरच राहायला आली, डोंगराकडच्या पाड्यावरची. नवरा कंपनीत. गेल्या एप्रिलमध्ये मी आजारी पडले तेव्हा ती रोज पायरीवर डबा ठेवून लांब उभी राहायची. तोंडाला मास्क. एक दिवस तो खाली आला आणि तिचं तोंड मला पहिल्यांदा दिसलं. ती एकच शब्द बोलली. मर.

मी दार लावून घेतलं. त्यानंतरही डबा येत राहिला. आंबट वरण, भात, कधी सुक्या जवळ्याची चटणी. चव इतकी चांगली, की मी खात राहिले. पण ती दिसली की आजही मी आत जाते. जी बाई मर म्हणते ती जेवू का घालते, हे मला एक वर्ष सुटलेलं नाही.

हे हस्तलिखितात घालू नकोस. बापाला सांग, कोथिंबीर जरा कोवळी आण.

लोभ राखून ठेव, इकडे उन्हानं सगळं सुकतंय.

आत्या

॥ श्री ॥

बोईसर, १९ एप्रिल २०२२

ती. आत्यास नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. मर म्हणून बघितलं. मग बर म्हणून बघितलं. आत्या, दोन्हीत काही फरक नाही! ओठ मिटतात आणि उघडतात, बस. मग हिनाला बोलावलं आणि आवाज न काढता बोल म्हटलं. ती मामा म्हणाली, मी पापा वाचलं. ती म्हणाली माप, मी वाचलं बाप. आई पोळ्या लाटता लाटता आमच्याकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलं, की बी. ए. ला हेच शिकवतात का.

मला खात्री आहे, ती बर म्हणाली. डबा ठेवला, तू दिसलीस, बर. किती सरळ आहे! एका अक्षरासाठी एक चांगलं माणूस वर्षभर दाराबाहेर राहिलं, याचं मला इतकं वाईट वाटलं, की झोप लागेना. तू उद्याच जा आणि तिला विचार. गैरसमज बोलून सुटतात, असं मी मनापासून मानते.

उत्तराची वाट बघते. लोभ घाईत आहे, समजून घे.

वैभवी

॥ श्री ॥

उमरोळी, ३० एप्रिल २०२२

चि. वैभवीस आशीर्वाद, आणि एक टपली.

पन्नास वर्षं ओठ वाचतेय मी, आणि तू मला ब आणि म शिकवतेस होय? प, ब, म हे तिळे भाऊ आहेत, हे मला तुझा बाप रांगत होता तेव्हापासून माहीत आहे. अगं, ओठ अर्धंच सांगतात. बाकीचं आपण आपल्या मनातून भरतो. समोर दुकानदार असेल तर माप, घर असेल तर बाप. त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता आणि टेबलावर तीन गेलेल्या माणसांचे फोटो होते. माझ्या मनात दुसरं काही भरायला नव्हतंच. म्हणून मर भरलं. कदाचित.

त्या कदाचितवर मी जगतेय, वैभवी. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? डबा तिनं देवाला भिऊन दिला असेल, आणि शब्द मनातून आला असेल. जिवंत माणसाचं चित्र काढायचं तर तासभर त्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. परवा एक जण लेकीला घेऊन आला, चित्र काढून द्या म्हणाला. मी फोटो पाठवा म्हणून सांगितलं. मुलगी समोर उभी होती, पुढचे दोन दात पडलेले. मला ते तोंड काढायचं होतं गं. हात होईना.

विचारायला नको. आहे ते बरं आहे. लोभ असूच दे, पण आग्रह आवर.

आत्या

॥ श्री ॥

बोईसर, ४ मे २०२२

ती. आत्यास नमस्कार.

टपली पोचली. मीच उमरोळीला येऊन तानीबाईंना विचारणार होते, बॅगसुद्धा भरली. बाबांनी अडवलं. एरवी न बोलणारा माणूस, पण म्हणाले, की ते अक्कानं ऐकलेलं आहे, तिचं तिलाच ऐकू दे. मला राग आला. नंतर पटलं.

म्हणून आग्रह नाही, फक्त एक शंका, जी मला खरंच पडलीय. मर म्हणताना त्या बघत कुठे होत्या?

लोभ आहे, आणि तो गप्प बसून आहे.

वैभवी

॥ श्री ॥

उमरोळी, १४ मे २०२२

चि. वैभवीस उदंड आशीर्वाद.

तुझ्या शंकेनं चार दिवस खाल्ले. मी ओठ वाचणारी, डोळ्यांकडे माझं लक्षच नसतं. डोळे मिटून ते तोंड पुन्हा आणलं, त्याच्या वर सरकले, तर डोळे माझ्याकडे नव्हतेच. खाली होते. मग मात्र राहवेना. काल दुपारी ओटा उतरले. रस्ता सहा पावलांचा असेल, घाम फुटला.

तानीबाई दारात चिंचा फोडत बसली होती. मी तिला विचारलं. तिला आधी काही आठवेना. मग आठवलं तशी ती चिंचेचे हात मांडीवर आपटून हसायला लागली. त्या दिवशी डबा ठेवताना तिच्या मास्कचं इलॅस्टिक तुटून गालावर सपकन बसलं होतं. ती त्या मास्कला म्हणाली होती, मर मेल्या. मेल्या म्हणेपर्यंत मी तोंड फिरवलं होतं.

म्हणजे म होता बरं का. तुझा ब हरला. माझे डोळे चुकले नव्हते, शब्द कुणासाठी होता ते चुकलं.

मग ती हसायची थांबली आणि तिनं तिचं सांगितलं. मी दार लावून घ्यायची ना, तेव्हा तिला वाटायचं, चित्रवाली बाई आमच्या हातचं खात नाय. नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, नको देऊ, मान नाय तिथं कशाला जातेस. मी विचारलं, मग का देत राहिलीस? तर म्हणाली, डबा घासून परत येत होता. घासलाय म्हणजे कुणीतरी खाल्लाय. आजाऱ्याला जेवण लागतं, बोलणं नंतर बघू. वैभवी, मी तिच्या एका शब्दाचं दुःख धरून बसले होते. माझ्या लावलेल्या दाराचा तिला काय शब्द ऐकू जात असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी वही आणून तिच्यासमोरच बसले. तिची सून पाणी देऊन गेली, ऊन ओट्यावरून खाली गेलं. तानीबाई बोलत होती : पाड्यावरची विहीर, कोंबडीनं दिलेला दगा, लेकाचं लग्न, सुनेचं शिवण. चित्र काढताना गप्प बसायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

चेहरा झालाय. कपाळ, डोळे, कानातली फुलं, सगळं छान जमलंय. तोंड तेवढं राहिलंय, कारण ते एक क्षण थांबलं नाही. उद्या पुन्हा बसणार आहोत. तुझ्या हस्तलिखिताला उशीर होईल, त्याला माझा इलाज नाही.

घरच्या सगळ्यांना माझा लोभ वाटून दे, तुला थोडा जास्त.

आत्या